हरलेल्या माशानं जायचं कुठं?

आमच्या दिवाणखान्यातली टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. हिशेबानं अडीचशे लिटर पाणी. खडी, दगड आणि वर सोडलेली जागा वजा केली तर सव्वादोनशे. त्यात पाच एंजल मासे होते आणि चौदा निऑन टेट्रा. एंजल आणले तेव्हा एकेकाचं अंग रुपयाच्या नाण्याएवढं होतं. दुकानदार म्हणाला होता, "सगळं शांत पब्लिक आहे, एकत्र राहतं. बिनधास्त न्या." दहा महिने त्याचं म्हणणं खरं ठरलं.

अकराव्या महिन्यात एका सकाळी पाहिलं तर टाकीचा उजवा अर्धा भाग रिकामा होता. रिकामा म्हणजे तिथे दोनच एंजल होते. फिल्टरच्या उभ्या नळीवर त्यांनी अंडी घातली होती आणि दोघं आळीपाळीनं परांनी वारा घालत होते. उरलेले तिघं डाव्या कोपऱ्यात, हीटरच्या मागे, एकमेकांना चिकटून उभे. त्यातल्या एकाच्या शेपटीच्या चिंध्या झालेल्या. कुणी चार बोटं पुढे सरकला की जोडीतला नर बाणासारखा यायचा. आणि निऑन मोजले तर नऊच भरले. पाच गेले होते, त्यांचं एकही कलेवर सापडलं नव्हतं.

आई म्हणाली, "त्या दांडगटाला आधी बाहेर काढ." मलाही तेच पटलं. नराला जाळीत धरून बादलीत टाकलं, बादलीत हवेची नळी सोडली, आणि न्याय केल्याच्या समाधानात झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तर काल हीटरमागे दबून बसलेल्या तिघांपैकी जो अंगानं जरा मोठा होता तो सगळे पर ताणून टाकीच्या मध्यावर उभा होता आणि उरलेल्या दोघांना पळवत होता. कालचा बळी आज दांडगट झाला होता. टाकीतलं पाणी, दगड, वनस्पती सगळं तेच. एक मासा काढला होता, भांडण तिथंच होतं.

त्या दुपारपासून मी हा विषय वाचायला लागलो. माशांवर मी समजत होतो त्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांनी कितीतरी जास्त वर्षं डोळे फोडले आहेत.

०

आधी माझ्या दोन चुका सांगतो, कारण त्या बहुतेक सगळे करतात.

पहिली निऑनची. त्या पाच निऑनना कुणी मारलं नव्हतं, खाल्लं होतं. एंजल हा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. लहान मासे हा त्याचा खुराक. नाण्याएवढ्या एंजलच्या तोंडात निऑन मावत नव्हता, तळहाताएवढ्याच्या मावायला लागला. यात राग नाही, द्वेष नाही. मांजर उंदरावर झडप घालतं तेव्हा ते चिडलेलं नसतं, आणि तेच मांजर दुसऱ्या बोक्यासमोर पाठीची कमान करून फिस्कारतं तेव्हा त्याला भूक लागलेली नसते. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. ज्याच्या तोंडात जो मावतो त्याला त्याच्यासोबत ठेवायचं नाही, एवढं पहिल्या गोष्टीसाठी पुरतं. त्यात आणखी समजून घेण्यासारखं फारसं काही नाही.

दुसरी चूक दांडगटाची, आणि ती समजायला वेळ लागला. भांडण हा माशाचा स्वभाव, म्हणजे एखादा मासा वाईट निघतो, असं मी धरून चाललो होतो. मासे एकमेकांशी भांडतात हे खरंच आहे. पण ते भांडण कसं चालतं आणि मुख्य म्हणजे कसं संपतं, हे पाहायला हवं.

स्टॉकहोमच्या माग्नुस एन्क्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली नान्नाकारा नावाच्या दक्षिण अमेरिकेतल्या बोटभर सिक्लिड माशांच्या झुंजींचा अभ्यास प्रसिद्ध केला. (सिक्लिड हे माशांचं मोठं कुळ, एंजल त्यातलाच.) दोन नर समोरासमोर आले की पहिल्यांदा नुसतं बघणं. आडवं उभं राहून, पर ताणून, मी केवढा आहे हे दाखवणं. मग शेपटीचा फटका. समोरच्याला लागत नाही, पण पाण्याचा लोट त्याच्या अंगावर जातो आणि फटका मारणाऱ्यात किती जोर आहे ते त्याला कळतं. मग चावे. मग तोंडात तोंड धरून रेटारेटी. अगदी शेवटी गोल गोल फिरत एकमेकांच्या अंगाचे लचके तोडायचा प्रयत्न. पायऱ्या ठरलेल्या आणि सोप्याकडून महागाकडे जाणाऱ्या. एक मासा बराच मोठा असेल तर पहिल्या एकदोन पायऱ्यांतच निकाल लागतो. दोघं तुल्यबळ असले तरच प्रकरण शेवटपर्यंत जातं. थोडक्यात, झुंज म्हणजे एकमेकांची माहिती काढणं. कुस्तीच्या फडात नुसत्या खडाखडीत पैलवानांना समोरच्याचा अंदाज येतो, तसं. दोघांपैकी एकाला "हे मला झेपणारं नाही" असं कळलं की काम झालं.

मग हरलेला काय करतो? पर मिटतो, अंग आक्रसतो, बऱ्याच जातींत रंग बदलतो आणि निघून जातो. अटलांटिक सामनच्या पिल्लांवर १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की हरणाऱ्या पिल्लाचं अंग आणि डोळ्याचा पांढरा भाग काळवंडतो, आणि तो तसा झाला की त्याच्यावरचे हल्ले कमी होतात. म्हणजे शरणागतीला माशांच्या जगात किंमत आहे. पण त्या शरणागतीचं शेवटचं वाक्य "निघून जातो" हे आहे. नदीत हरलेला मासा दोन वाव पलीकडे जातो, एका मुळाआड वळतो आणि जिंकलेल्याच्या जगातून नाहीसा होतो. जिंकलेल्याला पाठलागाची गरजच उरत नाही.

माझ्या टाकीत दोन वाव नव्हते. चार फूट होते. हरलेला मासा पर मिटत होता, मागे सरत होता, सगळी रीत पाळत होता आणि मागे काच लागत होती. जिंकलेल्याच्या डोळ्यांना तो अजून तिथेच दिसत होता. माशाच्या हिशेबात समोर उभा राहिलेला म्हणजे न हटलेला, म्हणजे अजून आव्हान देणारा. म्हणून पुन्हा हल्ला, पुन्हा माघार, पुन्हा काच. निसर्गात दोनतीन मिनिटांत मिटणारं प्रकरण टाकीत दिवसेंदिवस चालतं ते यामुळे.

०

काचेच्या टाकीचा इतिहास फार जुना नाही. लंडनमधले रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५०च्या सुमारास गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाणी न बदलता सगळं जगतं हे दाखवलं. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं, १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांचं पुस्तक आलं आणि व्हिक्टोरियन दिवाणखान्यांत टाक्यांचं वेडच पसरलं. आपल्याकडे मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं १९५१ साली. वॉरिंग्टन यांचा तोल रसायनाचा होता: वनस्पतीनं प्राणवायू द्यायचा, माशानं तो घ्यायचा, गोगलगायीनं कुजलेलं खायचं. हिशेबात वायू होते, वागणूक नव्हती. आजही दुकानात टाकी घेताना दर माशामागे किती लिटर पाणी हा प्रश्न सगळे विचारतात. हरलेला मासा कुठं जाईल, हे कुणी विचारत नाही.

तो कुठं जातो ते खरं तर आपण पाहतोच, फक्त ओळखत नाही. सतत दबलेल्या माशाच्या रक्तात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक चढलेलं राहतं. ते चढलेलं राहिलं की भूक मंदावते, वाढ थांबते, रोगाशी लढायची ताकद घटते. मग अंगावर साखरेच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात, मालक दुकानात जाऊन निळं औषध आणतो, मासा मरतो आणि "पाणी बाधलं" असं ठरतं. कुठल्याही चाव्याची खूण नसते. माझ्या अंदाजानं घरगुती टाक्यांतल्या मरणांत अशी मरणं भरपूर असावीत. त्यांची नोंद "भांडण" या खात्यात होत नाही, एवढंच.

निसर्गात सगळीकडेच निघून जायची सोय असते असं मात्र नाही. प्रवाळाच्या एकाच झुडपात जन्म काढणारे इवलेसे गोबी मासे आहेत. झुडपाबाहेर पडलं की मोठ्या माशाच्या पोटात, त्यामुळे तिथून हाकलणं म्हणजे मृत्युदंड. या झुडपात आकारानुसार कडक उतरंड असते: सगळ्यात मोठी जोडी अंडी घालते, बाकीचे रांगेत. मारियन वाँग आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवलं की खालच्या पायरीवरचा मासा वाढत वाढत वरच्याच्या आकाराजवळ पोचायला लागला की तो आपणहून कमी खातो. अन्न समोर असताना. वरच्याला धोका वाटेल इतकं मोठं व्हायचं नाही, म्हणजे तो हाकलणार नाही. पीटर बस्टन यांना २००३ साली विदूषक माशांतही असंच काहीसं आढळलं होतं. समुद्रफुलाच्या आश्रयानं राहणाऱ्या त्या गटात प्रत्येक जण आपल्या वरच्यापेक्षा ठरावीक प्रमाणात लहान राहतो. ही माहिती वाचली त्या रात्री मी बराच वेळ टाकीसमोर बसलो होतो. जिथं पळायला जागा नाही तिथं या माशांनी लाखो वर्षांत लहान राहायची विद्या कमावली. एंजलकडे ती विद्या नाही. त्याला कधी लागलीच नव्हती.

०

टाकीतल्या भांडणांवर सगळ्यात गाजलेलं लेखन ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लॉरेन्झ यांचं. आक्रमकतेवरचं त्यांचं जर्मन पुस्तक १९६३ साली आलं. दहा वर्षांनी निको टिनबर्गन आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. पुस्तकाची सुरुवातच प्रवाळातल्या माशांपासून होते. त्यांचं एक निरीक्षण अगदी साधं आणि टाकी ठेवणाऱ्याच्या रोजच्या कामाचं आहे: मासा सगळ्यात जास्त हल्ले करतो ते आपल्याच जातीच्या माशांवर. कारण उघड आहे. तेच अन्न, तीच जागा, तीच मादी हवी असते ती जातभाईलाच. वेगळ्या जातीचा, वेगळ्या रंगाचा, वेगळ्या थरात पोहणारा मासा शेजारून गेला तरी चालतो.

टिनबर्गन यांची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. लायडनमध्ये त्यांच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत काटेरी स्टिकलबॅक माशांच्या टाक्या होत्या. विणीच्या काळात या नरांचं पोट लाल होतं. रस्त्यावरून टपालाची लाल गाडी गेली की सगळे नर खिडकीकडच्या काचेशी धावून तिला धमकावायचे. लाल रंगाचा हा नियम इतका सरळ आहे का याबद्दल नंतरच्या संशोधकांत मतभेद झाले, सगळ्यांना तसेच निकाल मिळाले नाहीत. पण संध्याकाळी खोलीतला दिवा बंद आणि टाकीतला चालू असला की काचेचा आरसा होतो आणि मासा स्वतःवरच तुटून पडतो, हे कुणीही घरी पाहू शकतं. फायटर माशाचं तर ते रोजचं आहे.

लॉरेन्झ यांच्या पुस्तकातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला प्रसंग शेवाळाचा आहे. सिक्लिडची एक जोडी टाकीच्या एका भागात, दुसरी जोडी दुसऱ्या भागात, मध्ये पारदर्शक काच. दोन्ही नर काचेपलीकडच्या शेजाऱ्यावर दिवसभर खेकसत राहतात, कुणाला काही इजा होत नाही आणि दोन्ही संसार सुखानं चालतात. हळूहळू काचेवर शेवाळ चढतं. शेजारी अंधुक होत जातो. आणि नर आपल्याच मादीशी तुसडेपणानं वागायला लागतो. काच पुसा, शेजाऱ्यांचं कडाक्याचं भांडण होतं आणि घरात शांतता येते. अ‍ॅन रासा यांनी १९६९ साली एकट्या ठेवलेल्या जोड्यांवर जो अभ्यास केला तो मासा आपल्याकडचाच: दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या खाड्यांतला नारिंगी क्रोमाइड. गोव्यात ज्याला काळुंदर म्हणतात आणि केरळात करिमीन, त्याचा हा लहान भाऊबंद. खाडीत हा मासा भल्या वर्तणुकीसाठी ओळखला जावा असा आहे. त्याची पिल्लं आईबापाच्या अंगावरचा श्लेष्मा खाऊन वाढतात, आणि तो मोठ्या काळुंदरच्या अंगावरचे परजीवी टिपून देतो, हे वायमन आणि वॉर्ड यांनी १९७२ साली नोंदवलं. तोच मासा काचेच्या आत, शेजाऱ्यांशिवाय, जोडीदाराशी भांडला.

लॉरेन्झ यांचा निष्कर्ष असा की आक्रमकता आत साठत जाते, धरणातल्या पाण्यासारखी. तिला वाट दिली नाही तर ती जवळच्यावर फुटते. हा निष्कर्ष त्यांनी माशांवरून माणसांवर नेला आणि साठच्या दशकात जगभर तो उचलला गेला. आपल्याकडेही "मनातला राग बाहेर काढला पाहिजे" हे वाक्य ज्या खात्रीनं बोललं जातं तिच्यामागे कुठेतरी हे धरण आहे. पण लॉरेन्झ यांच्यासोबत काम केलेल्या वॉल्टर हायलिगेनबर्ग यांनी क्रेमर यांच्यासह १९७२ साली आफ्रिकन सिक्लिडवर जे मोजलं ते उलट निघालं. प्रतिस्पर्धी दिसेनासा करून नराला काही काळ ठेवलं तर त्याची हल्ल्याची तयारी वाढत नाही, घटत जाते. प्रतिस्पर्ध्याची प्रतिकृती दाखवली की वाढते. म्हणजे धरण भरत नव्हतं. समोर दिसणारं दृश्य माशाला पेटवत होतं.

मग शेवाळाच्या काचेचं काय? मला वाटतं निरीक्षण खरं, अर्थ घाईचा. जोडी ही दोघांची मिळून एक सीमा राखणारी भागीदारी असते. सीमेपलीकडे कुणी नाही आणि आत दोघांना पुरेशी जागाही नाही, अशा पेटीत ती भागीदारी कशासाठी, हा प्रश्नच आहे. खाडीतल्या मादीला नको असेल तेव्हा ती दूर जाऊ शकते. टाकीतली जाऊ शकत नाही. तिच्याही मागे काचच. आणि माशावरून माणसावर उडी मारताना घाई करू नये, हे लॉरेन्झ यांच्याच चरित्रातून शिकता येतं: १९३८ साली ते नाझी पक्षात गेले होते आणि त्या काळात प्राण्यांवरचे निष्कर्ष माणसांच्या "शुद्धतेला" लावणारं लिखाण त्यांनी केलं होतं. टाकीपुरतं बोललेलं बरं.

०

टाकीपुरतं बोलायचं तर आणखी एक गोष्ट मला माहीतच नव्हती. मासे एकमेकांना ओळखतात, लक्षात ठेवतात आणि दुसऱ्यांची भांडणं बघून शिकतात.

फायटर माशाच्या दोन नरांची झुंज तिसऱ्याला काचेतून पाहू दिली, तर तो नंतर जिंकलेल्याशी सावधपणे वागतो आणि हरलेल्याशी बिनधास्त. हे ऑलिव्हेरा आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवलं. स्टॅनफर्डच्या ग्रोसेनिक, क्लेमेंट आणि फर्नाल्ड यांनी २००७ साली पुढची पायरी गाठली. टांगानिका सरोवरातल्या सिक्लिडच्या एका नराला त्यांनी झुंजी पाहू दिल्या: पहिला दुसऱ्याला हरवतो, दुसरा तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला, चौथा पाचव्याला. मग त्याच्यासमोर दुसरा आणि चौथा ठेवले, ज्यांची आपसात झुंज त्यानं कधी पाहिली नव्हती. तो चौथ्याच्या, म्हणजे दुबळ्याच्या, बाजूला जाऊन राहिला. उतरंड त्यानं मनात जुळवली होती.

याच जातीत वरचढ नर झगझगीत रंगाचा असतो आणि दबलेले फिकट, मादीसारखे. वरचढाला टाकीतून काढलं की दबलेल्यांपैकी एकाला काही मिनिटांत रंग चढतो, डोळ्यावरची काळी पट्टी उमटते आणि मेंदूत नव्या जनुकांचं काम सुरू होतं. माझ्या टाकीत त्या दुपारी नेमकं हेच झालं होतं. जागा रिकामी झाली, जागेनं माणूस निवडला. गावातला पुढारी गेल्यावर काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

ओळख नुसती डोळ्यांची नसते, वासाचीही असते. मोझांबिक तिलापियाचे वरचढ नर भांडताना लघवी करतात आणि त्यातून आपला दर्जा समोरच्याला कळवतात. पाण्यात अशा खबरा सतत विरघळलेल्या असतात आणि त्यांच्यामुळे रोज नव्यानं झुंजायची गरज पडत नाही. आता दर रविवारी निम्मं पाणी उपसून ताजं भरणाऱ्या माझ्यासारख्या टापटिपीच्या माणसाची कल्पना करा. ब्राझीलच्या संशोधकांनी २०१८ साली हे एंजलवरच तपासलं. जास्त पाणी बदललं तर गटातली मारामारी जास्त वाढते, कमी बदललं तर कमी. माझ्या घरी रविवारी संध्याकाळी दंगल का व्हायची ते मला तेव्हा कळलं. मी दर आठवड्याला त्यांचं रेशनकार्ड फाडत होतो.

०

मग करायचं काय? हरलेल्याला "निघून गेल्याचं" समाधान टाकीतच कसं देता येईल, हे पाहायचं. बाकी सगळे उपाय त्याच्या पोटात येतात.

सगळ्यात मोठा उपाय नजरेचा. ओहायोतल्या रोनाल्ड ओल्डफील्ड यांनी २०११ साली मिडास सिक्लिडच्या पिल्लांवर केलेल्या प्रयोगात लहान टाकीचा आकार थोडा वाढवून किंवा माशांची संख्या थोडी बदलून काहीच साधलं नाही. टाकी बरीच मोठी आणि आडोशांनी भरलेली केली तेव्हा मात्र मारामारी उतरली. बरीच मोठी टाकी प्रत्येकाला परवडत नाही, आडोसा परवडतो. एंजलला उभा आडोसा लागतो, कारण त्याचं अंगच उभ्या मुळांमधून सरकण्यासाठी चपटं झालंय. तळाला एक शोभेचा किल्ला ठेवून त्याला काही उपयोग नाही. उंच वाढणारी व्हॅलिसनेरिया, वरून खाली येणारी लाकडाची मुळं, मध्यावर उभी केलेली पाटी. टाकीच्या एका टोकाच्या माशाला दुसरं टोक दिसता कामा नये. बघणाऱ्या पाहुण्यालाही मग ती सगळी दिसत नाही आणि "मासे कुठायत?" असा प्रश्न येतो. तो प्रश्न आला की टाकी बरी लागली असं समजायला हरकत नाही.

नवा मासा सोडताना जुन्यांची मालकी मोडावी लागते. आधीपासून राहणारा मासा अंगानं लहान असूनही बऱ्याचदा जिंकतो, कारण जागा त्याची असते. म्हणून सोडण्याआधी दगड-लाकूड हलवायचं, दिवा बंद करायचा, आणि एकेक न सोडता शक्य तर तीनचार एकदम. सगळेच नव्या गावात आल्यासारखे होतात.

फारच बिनसलं तर बळीला नव्हे, हल्लेखोराला आठवडाभर वेगळं ठेवायचं असं जुने लोक सांगतात. ते बरोबर आहे, पण मी केलं तसं नव्हे. नुसतं काढून उपयोग नाही. तो बाहेर असताना टाकीची मांडणी बदलायची, म्हणजे परत येताना तो मालक म्हणून येत नाही, पाहुणा म्हणून येतो.

थव्यानं राहणारे मासे थव्यानंच घ्यावेत. टायगर बार्ब दोनतीनच ठेवले तर ते इतरांच्या, विशेषतः लांब पर असणाऱ्यांच्या, शेपट्या कुरतडतात. दहाबारा असले की त्यांची चिडवाचिडवी आपसात वाटली जाते. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले म्बुना ठेवणारे तर मुद्दाम गर्दी करतात. इतकी की कुणालाच जागा धरून बसता येऊ नये. ही युक्ती चालते, फिल्टर दांडगा असेल तर. पण मला ती आवडत नाही. तिथं भांडण मिटत नाही, फक्त कुणाच्या वाट्याला किती येतं ते पसरतं.

आणि काही मासे एकटेच बरे. फायटर हा सयामचा, थाई भाषेत त्याचं नावच चावणारा मासा असं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले डॅनिश डॉक्टर थिओडोर कॅन्टोर यांनी सयामच्या राजाकडून आलेल्या माशांवरून १८४९ साली त्याचं वर्णन केलं. आजचं शास्त्रीय नाव १९१० सालचं. शतकानुशतकं झुंजीसाठी निवडून निवडून वाढवलेल्या या माशाचा नर दुसऱ्या नरासोबत ठेवू नये हे सगळे जाणतात. पण तो रंगीत गप्पींसोबत ठेवतात, आणि लांब शेपटीचा गप्पी त्याला दुसरा फायटरच वाटतो. फ्लॉवरहॉर्नचंही तसंच, तो माणसानं संकर करून घडवलेला सिक्लिड आहे, त्याला शेजारीच नको. आणि या माशांना एकटेपणा वाटत नसेल का, असं पाहुणे विचारतात. त्यांना नको असलेली सोबत आपण आपल्या मनातून देतो.

०

आमच्या एंजलच्या जोडीनं पहिली दोन वेळची अंडी स्वतःच खाल्ली. नवी जोडी असं करते. तिसऱ्या वेळी मी टाकीच्या बरोबर मध्ये नव्हे तर उजवीकडून दीड फुटावर एक काच उभी केली, वरखाली पाणी खेळेल एवढी फट ठेवून. जोडी एका बाजूला, तिघं दुसऱ्या बाजूला. पाणी आता आठवड्याला पाचवा हिस्सा बदलतो. निऑन एका मित्राच्या टाकीत गेले.

पहिले काही दिवस नर त्या काचेशी उभा राहून पलीकडच्यांवर खेकसत असे. ते तिघं लाकडामागे गेले की तो परत येऊन अंड्यांना वारा घाली. चिंध्या झालेली शेपटी महिनाभरात बरीच भरून आली, फक्त वरच्या टोकाला एक वाकडी काडी राहिली. त्यामुळे तो मासा आता लांबूनही ओळखू येतो.

काचेवर शेवाळ चढतं आहे. जोडीच्या बाजूनं मी ते दर दोन आठवड्यांनी खरवडतो. तिघांच्या बाजूनं मात्र अर्ध्यापर्यंत राहू दिलंय. त्या हिरव्या पट्ट्यामागे वाकड्या शेपटीचा तो दुपारचा असतो. आई त्याला तिथंच दाणे टाकते.